चाळिशीचा नंबर वयाचा नसतो, कामाच्या अंतराचा असतो

बेळगावच्या बसस्थानकावर मोबाईलवरची नजर उचलून बसच्या पाटीकडे नेली, की पंचेचाळिशीतल्या माणसाला अक्षर ठरायला क्षणभर थांबावं लागतं. विशीत हे जाणवतही नाही. ज्यांना कन्नड अडखळत वाचता येतं त्यांना हा उशीर आधी कळतो. सवयीचा मराठी शब्द धूसर असला तरी आकारावरून ओळखता येतो, पण कन्नडच्या काही अक्षरांत फरक एवढाच, की पोटात टिंब आहे की खाली रेघ. तिथं अंदाज चालत नाही.

दोष बहुतेक वेळा डोळ्यातल्या स्नायूला दिला जातो. तो चुकीचा आहे. बाहुलीच्या मागं साधारण 9 मिमी रुंदीचं भिंग असतं, त्याच्याभोवती सिलियरी स्नायूचं कडं आणि दोघांना जोडणारे बारीक तंतू. लांब बघताना कडं सैल असतं, तंतू ताणलेले आणि भिंग चपटं. जवळ बघताना कडं आवळतं, तंतू ढिले पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणावर फुगतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1855 मध्ये हे मांडलं. आता गंमत अशी, की भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि जुना एकही गळून जात नाही. कांदा मोठा होत जावा, पण साल कधी निघू नये, तसं. मधला गाभा दाटतो, त्यातली प्रथिनं एकमेकांत अडकतात. पन्नाशीतही स्नायू आवळतो, भिंगच दाद देत नाही. म्हणून आधी वेळ लागायला लागतो, मग जवळचं दिसेनासंच होतं. डोळे गरागरा फिरवण्याच्या व्यायामानं हे भिंग मऊ होत नाही.

किती ताकद उरली आहे ते घरी मोजता येतं. लांबचा नंबर असेल तर तो चष्मा घाला, एक डोळा झाका, पेपरातला बारीक मजकूर हळूहळू जवळ आणा. अक्षर पुसट व्हायला लागलं की थांबा आणि डोळ्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. 100 ला त्या आकड्यानं भागलं की डायॉप्टर मिळतात, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक. त्या-त्या वयाची सरासरी ताकद काढायचा जुना हिशेब आहे: 18.5 मधून वयाची 0.3 पट वजा करायची. विसाव्या वर्षी 12.5, पंचेचाळिसाव्या वर्षी 5.

समजा तुमचं अंतर 25 सेंमी आलं, म्हणजे 4 डायॉप्टर. यातली निम्मीच ताकद तासन्‌तास वापरता येते, म्हणजे 2. बेळगावच्या शहापूर-वडगाव या विणकर वस्तीत मागासमोर (कापड विणायच्या यंत्रासमोर) उभं राहून 66 सेंमीवरचं कापड बघायला 1.5 लागतात, चष्म्याची गरज नाही. त्याच विणकराला तुटलेला तार फणीतून ओवायला वाकून 33 सेंमीवर यावं लागलं, की 3 लागतात आणि 1 कमी पडतो. 25 सेंमीवर जडावकाम करणाऱ्या सोनाराला त्याच डोळ्यांनी +2 लागेल. म्हणून चष्मा करायला जाताना हातात टेप घ्या, कामाचं अंतर मोजून न्या आणि तपासणाऱ्याला सांगा. ‘वय किती’ एवढंच विचारून नंबर देणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नये.

जास्त नंबर घेतला म्हणजे जास्त दिसतं, असं नाही. लांबचं नीट दिसणाऱ्यानं +2.50 लावला, तर 40 सेंमीच्या पलीकडचं धूसर होतं आणि माणूस कामावर ओणवा होतो. मान दुखते ती त्यामुळं. बाजारातल्या तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्या असतात आणि तिरकस (सिलिंडरचा) नंबर धरलेला नसतो. शिवाय काचेचा मध्य आपल्या बाहुलीसमोर येईलच असं नाही. पोस्टाचा फॉर्म भरायला ठीक, आठ तास जरीकाम बघायला नाही.

उजेडानं फार फरक पडतो, कारण बाहुली आकसली की थोडं चुकलेलं फोकसही खपून जातं. पावसाळ्यात भरदुपारी अंधारून येतं तेव्हा नंबर वाढला असं वाटतं. आधी दिवा थेट कामावर घ्या, डोळ्यांत येणार नाही असा.

नंबर चार-आठ दिवसांत बदलला तर आधी साखर तपासा. एकाच डोळ्याला त्रास, दुखणं किंवा दिव्याभोवती कडं दिसत असेल तर थेट डॉक्टर. आणि साठीनंतर अचानक चष्म्याविना पेपर वाचता यायला लागला, तर आनंदानं कुंदा (बेळगावची मिठाई) वाटायची घाई नको. बऱ्याचदा मोतीबिंदूनं गाभा दाटून डोळ्याला मायनस नंबर आलेला असतो.