तुम्ही विचारलंत म्हणून : निवृत्त न्यायमूर्तींनी पद घ्यावे का?

वकिलीचे शिक्षण घेणारी मुले आणि अलीकडे बारमधले तरुण सहकारीही मला एक प्रश्न वारंवार विचारतात : उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्तींनी पुन्हा एखादे पद स्वीकारावे का? या प्रश्नामागचा संशय मला गैरवाजवी वाटत नाही. सरकारविरुद्धच्या याचिका ऐकणाऱ्या माणसाचे लक्ष सरकारच्याच हातातल्या एखाद्या खुर्चीकडे असावे, हे कोणालाही रुचणार नाही. तरीही मला सरसकट नकार देता येत नाही, आणि त्याला कारण आहे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे डहाणूतले काम.

त्यांचा जन्म 1927 चा. वडील दादा धर्माधिकारी हे सर्वोदय विचाराचे भाष्यकार आणि संविधान सभेचे सदस्य. नागपुरात वकिली करून चंद्रशेखर धर्माधिकारी 1972 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 62 वर्षांच्या घटनात्मक वयोमर्यादेनुसार 1989 मध्ये निवृत्त झाले. ती कारकीर्द मोठी होतीच. परंतु मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

त्यासाठी आधी अपिलाचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. उच्च न्यायालयात अपील येते ते पेपरबुकाच्या रूपाने : खालच्या कोर्टातल्या जबान्या, दस्तऐवज आणि निकालपत्र, सारे टंकलिखित आणि पानांवर क्रमांक घातलेले. साक्षीदार कुठे अडखळला, कोणत्या प्रश्नाला त्याने वकिलाकडे पाहिले, हे त्या कागदांत नसते. म्हणूनच साक्षीदाराला समक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशाच्या मताला अपिलात मान द्यावा लागतो. द्वितीय अपिलात तर कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असल्याखेरीज प्रवेशच नाही. निकाल दिला की फाईल निघून जाते. त्या निकालाचे गावात पुढे काय झाले, अंमलबजावणी झाली की त्यासाठीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, वर्षानुवर्षे पडून राहिली, हे अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींना बहुधा कधीच कळत नाही. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नाही; व्यवस्थाच तशी आहे.

डहाणूत हे उलटे झाले. केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला, उद्योगांसाठीची जमीन 500 एकरांपुरती मर्यादित केली आणि तालुक्याभोवती 25 किलोमीटरचा पट्टा राखून ठेवला. अधिसूचना कागदावरच राहते आहे हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर, उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि 3 जानेवारी 2019 रोजी निधन होईपर्यंत ते काम त्यांच्याकडेच राहिले. उच्च न्यायालयात ते जितकी वर्षे होते, त्याहून अधिक वर्षे त्यांनी या एका तालुक्याला दिली.

डहाणू तालुक्याच्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव प्राधिकरणापुढे आला तेव्हाची एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. वरोरकडचा एक मच्छीमार माझ्या कार्यालयात आला होता. मी टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला, तर त्याने त्यावरची अक्षरे वाचलीसुद्धा नाहीत, सरळ बोट ठेवून तो सांगू लागला, "वकीलसाहेब, इथं खडक, इथं आमच्या डोल जाळ्यांचे खुंट, आणि इथं मासळी पिल्लं घालते." असले ज्ञान पेपरबुकात कधी शिरत नाही, आणि शिरले तरी त्याची भाषा मरते. प्राधिकरणापुढे मात्र अभियंत्यांच्या अहवालाबरोबर किनाऱ्यावरच्या माणसालाही बोलता येत होते. सप्टेंबर 1998 मध्ये प्राधिकरणाने ते बंदर अधिसूचनेत बसत नसल्याचे सांगून नाकारले. राज्य सरकारला बंदर हवे होते, मोठी परदेशी कंपनी ते बांधायला तयार होती, आणि नकार देणारे अध्यक्ष निवृत्त होते.

डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाची हकीकत मला त्याहून मोलाची वाटते, कारण तिथे चिकाटी लागली. धुरातला गंधक वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली ती 2007 मध्ये. मधली आठ वर्षे मुदती, सबबी, बँक हमीवरून वाद आणि पुन्हा कोर्टकज्जे यांत गेली. धर्माधिकारी न्यायासनावर असते तर या प्रकरणातला त्यांचा संबंध 1999 च्या सहीबरोबरच संपला असता. इथे प्रत्येक बैठकीत तोच विषय पुन्हा पटलावर आला आणि तेच अध्यक्ष तोच प्रश्न विचारत राहिले.

एवढ्यावरून निवृत्तांना पदे वाटत सुटावे, असे मी म्हणणार नाही. राज्यघटनेच्या 220व्या अनुच्छेदाने कायम न्यायमूर्तींना निवृत्तीनंतर स्वतःच्या उच्च न्यायालयात वकिली करण्यास मनाई केली आहे, आणि ते बंधन रास्तच आहे. त्यामागचा विचार पदांनाही लागू व्हावा असे मला वाटते. डहाणूचे पद न्यायालयाच्या आदेशातून निर्माण झाले होते, कामाचा विषय एकच होता आणि नकाराची कारणे लिहून द्यावी लागत होती. या तीन गोष्टी जिथे नाहीत, तिथे न्यायमूर्तींनी नम्रपणे नाही म्हणावे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. धर्माधिकारी यांच्यानंतर, 31 जुलै 2023 रोजी, त्याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या प्रस्तावाला अटींसह ना-हरकत दिली. एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. मला त्याचे दुःख आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी आता 1998 चा आणि 2023 चा असे दोन्ही आदेश शेजारी ठेवून, आधी फक्त कारणमीमांसेची पाने वाचायला सांगतो.