आडव्या माणसाचा अभ्यास

आपल्याकडे अभ्यास बसूनच करायचा असतो. "अभ्यासाला बस" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, "अभ्यासाला लोळ" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. लोळून वाचलं की डोळे जातात, तिन्हीसांजेला आडवं पडलं की लक्ष्मी जाते आणि दिवसाढवळ्या आडवं पडलं की अब्रू जाते. थोर अभ्यासकांचे फोटो आठवून बघा. मागे पुस्तकांचं कपाट, पुढे टेबल, टेबलावर कोपर, हनुवटीला दोन बोटं. अंगावर शाल असली तर ती सत्काराची. गुडघ्यांखाली उशी, पोटावर पुस्तक आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर, असा फोटो मी अजून एकाही गौरवग्रंथात पाहिलेला नाही.

मी मराठीची प्राध्यापक. एकनाथांच्या भारुडांवर काम करते, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक पलंगावर करते. कारण संधिवात. "या वयात?" असं विचारणाऱ्यांना सांगावं लागतं की म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दुपटी-तिपटीनं जास्त होतो आणि त्याची विशेष मर्जी असते बोटांच्या बारक्या सांध्यांवर. म्हणजे पेन धरायचे, पान उलटायचे, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवायचे, नेमके तेच. एवढं ऐकून समोरचा माणूस गंभीर होतो आणि म्हणतो, "मेथीचे लाडू खाऊन बघितले का?"

बघितले. चांगले लागतात.

शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, चुकूनही रोज नाही. मोठ्या मात्रेत ते कॅन्सरवर देतात, आमच्या वाट्याला त्याचा लहानसा प्रसाद. त्यानं सांधे शांत राहतात, पण रविवारभर तोंडाला चव नसते आणि डोक्यात वाक्य धरत नाही. त्यामुळे माझा आठवडा सहा दिवसांचा, आणि त्या सहा दिवसांतल्या सकाळीही माझ्या नाहीत. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, बोटं मिटतच नाहीत. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचं आणि वाट बघायची. लोक पहाटेच्या अभ्यासाचं माहात्म्य सांगू लागले की मी विषय बदलते.

पहाटेवरून पांगुळ आठवतात. वासुदेव सगळ्यांना माहीत असतो, पांगुळ कमी जणांना. सूर्य उगवायच्या आधी गावात येऊन दान मागणारे हे लोक. सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावानं ते मागतात. अरुणाची गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. विनतेनं उतावीळपणे अंडं वेळेआधी फोडलं, म्हणून आतलं पोर कमरेखाली अपुरं राहिलं. पुढे तेच पोर सूर्याचा रथ हाकायला बसलं. मला ही नेमणूक फार आवडते. सारथ्याला लागतात हात आणि नजर, पाय लागत नाहीत. सबंध पुराणांत एवढी विचारपूर्वक केलेली नोकरभरती दुसरी नसेल. आमच्याकडे मुलाखतीला गेलेल्या माणसाला आधी दोन जिने चढून वर यायला सांगतात.

एकनाथांच्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो आणि पांगळाही येतो. जोशी, गोंधळी, वाघ्या यांच्याच रांगेत ही मंडळी उभी, म्हणजे पांगळा अर्थात बसलेला. ही रूपकं आहेत हे उघड आहे. पण आपले टीकाकार पहिल्याच ओळीला पांगळ्याला उचलतात आणि थेट अध्यात्मात नेऊन ठेवतात. पाय म्हणजे साधना, वाट म्हणजे परमार्थ, की झालं. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. हा पैठणच्या रस्त्यात बसलाय खरा, पण याला इथे आणून बसवलं कुणी? संध्याकाळी परत कोण नेणार? ऊन फिरल्यावर हा सावलीत कसा सरकणार? ज्या कवीनं महाराच्या, जोगतिणीच्या, नव्या सुनेच्या तोंडची भाषा इतकी नेमकी उचलली, त्याला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. शिवाय हाच माणूस १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध करत बसला होता. बारीक बघण्याची त्याला सवयच होती.

आता माझ्या व्यवस्थेबद्दल. पलंगावर अभ्यास करायचा तर पहिला शत्रू म्हणजे वजन. गाथेसारखा जाडजूड ग्रंथ छातीवर धरून वाचणं माझ्या मनगटांच्या कुवतीबाहेरचं. म्हणून मी माझी गाथा बाइंडरकडे नेली आणि म्हटलं, "काका, हिचे चार भाग करा."

त्यांनी ग्रंथ उलटसुलट करून पाहिला. "बाई, शिवण चांगली आहे की. कशाला मोडताय?"

मी हात पुढे केले. त्यांनी बोटांकडे पाहिलं, आणखी काही विचारलं नाही. मग पुठ्ठा सोलून काढला, पाठीवरचा जुना सरस खरवडला, दोरा कापला आणि जुझ, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, सुटे करून चार गठ्ठे मांडले. भाग कुठे पाडायचा यावर मात्र आमची चर्चा झाली. त्यांना चारही भाग सारख्या जाडीचे हवे होते, मला एखादं प्रकरण मधोमध तुटायला नको होतं. शेवटी एक भाग जरा लठ्ठ राहिला. प्रत्येकाला नवा दोरा, खळ लावून कापडाची पाठ, पातळ पुठ्ठा. पैसे देताना म्हणाले, "असं आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही पोथी धरवत नाही, तिची करून टाकतो." ते चार भाग आता पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी घोडीवर आलटून पालटून बसतात आणि मी त्यांच्यासमोर कुशीवर. पान उलटायला पेन्सिलीचं मागचं रबर. टिपणं फोनला तोंडी सांगायची. तो "भारूड"चं "गारुड" करतो, ते मी पुष्कळदा तसंच राहू देते.

भारुडावर चर्चासत्र असलं की त्यात बाख्तिन येतोच. जत्रा, उलटीपालटी, हसणं, ढोबळ देहधर्म यांचा विषय निघाला की रशियन समीक्षक मिखाइल बाख्तिनचं नाव घेतल्याशिवाय निबंध वाचणाऱ्याला पाणी गोड लागत नाही. त्याचा कार्निव्हल, म्हणजे जत्रेतल्या उलट्यापालट्या जगाचा सिद्धांत, सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या पायाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. १८९५ साली जन्मलेल्या या माणसाला कोवळ्या वयातच हाडाच्या संसर्गानं, ऑस्टिओमायलिटिसनं गाठलं. अँटिबायोटिक्स यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. पायाचं दुखणं वर्षानुवर्षं उलटत राहिलं. १९२८ च्या डिसेंबरात अटक झाली आणि पुढच्या वर्षी सोलोव्की बेटांवरच्या छावणीची पाच वर्षांची शिक्षा झाली. तिथे तो जगला वाचला नसता. पण तब्येत पाहून ती शिक्षा कझाकस्तानातल्या कुस्तानायला हद्दपारीवर आली. दुखऱ्या पायानं जीव वाचवला, असं म्हणायला हरकत नाही. कुस्तानायला हा माणूस हिशेब लिहायचं काम करत होता. १९३८ च्या फेब्रुवारीत तो पाय कापावा लागला, आणि १९४० साली त्यानं फ्रेंच लेखक राबलेवरचा प्रबंध पुरा केला. खाणारं, पिणारं, ढेकर देणारं, विणारं, हसणारं शरीर हा त्याचा विषय. प्रबंधाची तोंडी परीक्षा व्हायला युद्ध सरून १९४६ साल उजाडलं. त्यात परीक्षकांची भांडणं झाली आणि अखेर हातात पडली ती डॉक्टरची नव्हे, खालची पदवी. ग्रंथ छापून यायला १९६५ साल लागलं. तोवर तो सारान्स्क नावाच्या आडगावी कुबड्यांवर उभं राहून शिकवून निवृत्तही झाला होता. मॉस्कोच्या तरुण अभ्यासकांना तर हा माणूस अजून जिवंत आहे याचाच पत्ता उशिरा लागला.

पाय गेला म्हणून त्यानं शरीरावर लिहिलं, असं सरळ गणित मांडायला मी तयार नाही. आजारी माणसाच्या प्रत्येक वाक्याला आजार चिकटवायची खोड वाईटच. पण शरीर कधी पुरं होत नसतं, ते सारखं घडत असतं, जगात सांडत असतं, हे त्यानं लिहिलं ते स्वतः कुबड्या घेतल्यानंतर. एवढं तरी तळटिपेत यायला काय हरकत आहे? आणि तिथेच दुसरी तळटीप येलेनाची. १९२१ साली लग्न झालं, १९७१ साली ती गेली. मधली पन्नास वर्षं अटक, हद्दपारी, गावामागून गावं, शस्त्रक्रिया. या सगळ्यात रोज एक कुणीतरी लागतं, हे मी घरबसल्या सांगू शकते.

फ्रांत्स रोझेन्त्स्वाइगच्या बाबतीत हे कुणीतरी लपवताच येत नाही. फ्रँकफुर्टचा हा ज्यू तत्त्वज्ञ. १९२२ साली त्याला स्नायू निकामी करत जाणारा आजार, एएलएस, असल्याचं निदान झालं. फार दिवस काढणार नाही असाच सगळ्यांचा समज होता. तो जवळजवळ आठ वर्षं जगला. आधी हात गेले, मग वाचा गेली. मग एक खास टाइपरायटर आला. फ्रांत्स दर्शक सरकवून अक्षर दाखवायचा आणि त्याची बायको एडिट कळ दाबायची. पुढे तेही जमेना, तेव्हा हाताला झोळीचा आधार देऊन तो अक्षराकडे नुसता कल दाखवायचा आणि उरलेला शब्द एडिटनं ओळखायचा. अशा रीतीनं त्यानं मध्ययुगीन हिब्रू कवी येहूदा हालेवीच्या कविता जर्मनमध्ये आणल्या. १९२५ पासून मार्टिन बूबरबरोबर अख्ख्या हिब्रू बायबलचं भाषांतर सुरू केलं. बूबर हेपेनहाइमहून कच्चा मजकूर पाठवायचा आणि हा त्यावर शंका काढायचा. शंका काढायला बोट हलावं लागत नाही, डोकं लागतं. पण ती शंका कागदावर उतरवायला एडिट लागते. १९२९ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा काम यशयाच्या ग्रंथापर्यंत आलं होतं. बूबरनं ते तडीला नेलं १९६१ साली. अनुवादक म्हणून नावं दोनच छापली जातात.

आपल्या दुर्गाबाई भागवत आदिवासी भागात अभ्यासासाठी फिरत असताना विषबाधा होऊन काही वर्षं अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची पीएच.डी. राहूनच गेली. त्याबद्दल हळहळणाऱ्यांना मी म्हणते, राहिली तर राहिली. पदवीवाचून त्यांचं काही अडलं असं त्यांच्या ग्रंथांकडे बघून कुणी म्हणेल का?

सत्काराच्या भाषणांत असल्या माणसांना हमखास "आजारावर मात करून" हे वाक्य चिकटतं. मला ते ऐकलं की जांभई येते. मात वगैरे कुणी करत नाही. वेळापत्रक करतात. कुठल्या वेळेला बोटं चालतात, कुठलं काम पडून होतं, कुठलं बसूनच करावं लागतं, कशाला दुसऱ्याचे पाय लागतात, याचा हिशेब. त्यात काही वाचनं सुटतात. मी आता सगळी भारुडं कवेत घेणारा ग्रंथ लिहिणार नाही. थोडीच घेते आणि तीच पुन्हा पुन्हा वाचते. त्याचा तोटा आहे, आणि काही अंशी चैनही.

दुसऱ्याचे पाय म्हणजे माझी एक विद्यार्थिनी. मला पाहिजे असलेलं हस्तलिखित बाड ज्या ग्रंथालयात आहे तिथे तिसरा मजला आहे आणि लिफ्ट दुरुस्तीला टेकलेली आहे. ती वर जाते, परवानगीचा अर्ज भरते, पानांचे फोटो काढून पाठवते. परवा आलेल्या पानावर चरणाच्या नेमक्या शेवटच्या दोन अक्षरांवर तिचा अंगठा.

"अगं, अंगठा काढ."

"मॅडम, अंगठा काढला की पान मिटतं."

मग तिथल्या शिपायांनी पान धरलं आणि तिनं फोटो काढला. आता फोटोत त्यांचाही अंगठा आहे, पण समासात. दोन अक्षरं स्वच्छ लागली आणि छापील पाठ तिथे चुकलाय हे नक्की झालं.

पुस्तक या वर्षी छापायला जाईल. ऋणनिर्देशात मी बाइंडरकाकांना घेतलंय, विद्यार्थिनीला घेतलंय, पान धरणाऱ्या शिपायांना घेतलंय, रविवारी मला न विचारता मऊभात लावणाऱ्या नवऱ्याला घेतलंय, आणि कोणी नेमकं काय केलं तेही लिहिलंय. प्रकाशकांचा फोन आला. "बाई, ऋणनिर्देश एका पानात बसवा. फर्मा वाढतोय."

मी म्हटलं, "परिशिष्ट दोन काढून टाका."