बाबांचं प्रतिज्ञापत्र

१९ जून, रात्र

आज शिवसेनेचा वर्धापनदिन. १९६६ साली पक्ष निघाला ती तारीख एकच, साजरी मात्र आता दोन ठिकाणी होते. बाबा कुठेच गेले नाहीत. संध्याकाळी कपाट आवरताना त्यांच्या फायलीत प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स हाती लागली. २०२२ मध्ये पक्षात फूट पडल्यावर उद्धव ठाकरेंच्या बाजूने राज्यभर पाठिंब्याची लाखो प्रतिज्ञापत्रं गोळा केली होती, त्यातलं एक बाबांचं. भर पावसात रांगेत उभं राहून त्यांनी सही केली होती.

त्यांचा शाखेतला जुना जोडीदार, आमचा काका, एकनाथ शिंदेंकडे गेला. आमचं रेशनकार्ड याच दोघांनी शाखेतून फेऱ्या मारून करून आणलेलं. बाबांनी सही केल्यावर काका घरी येऊन रागाने म्हणाला होता, "सही करताना मला विचारलंस तरी का?" बाबा म्हणाले, "आपल्याकडे विचारायची पद्धत कधी होती रे? आदेश आला की निघायचं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

छगन भुजबळ १९९१ मध्ये बाहेर पडले, नारायण राणे २००५ मध्ये. राज ठाकरेंचं तर आजही वाईट वाटतं. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरला उद्धव यांना कार्याध्यक्ष करण्याचा ठराव त्यांनीच मांडला आणि मार्च २००६ मध्ये त्यांचाच वेगळा पक्ष उभा राहिला. प्रत्येकाची कारणं निराळी, महत्त्वाकांक्षाही होत्याच. पण पक्षात राहून विरोधात मत द्यावं, हरावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाखेत येऊन बसावं, अशी सोयच नव्हती. मतभेद झाला की माणूस थेट गद्दार. गटबाजीचं खापर मी एकट्यादुकट्या नेत्यावर फोडत नाही, ते यामुळे.

खरी शिवसेना कुणाची, यावरचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निवडणूक आयोगाचा निकाल मी त्या आठवड्यातच वाचला होता. बाळासाहेब असताना १९९९ मध्ये आयोगाच्या आग्रहावरून पक्षाच्या घटनेत लोकशाहीच्या तरतुदी आल्या होत्या. २०१८ मध्ये बदललेली घटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, आणि निवडणुका न घेता नेमणुका करणारी ही रचना लोकशाहीला धरून नाही, असं आयोगाने म्हटलं. म्हणून संघटनेत कुणामागे किती माणसं आहेत, हा निकष बाजूला पडला. मोजले गेले ते आमदार-खासदार: ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार शिंदेंकडे. नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाले.

आमदारांना निवडून आणायला घरोघरी चिठ्ठ्या वाटणाऱ्यांना काहीच किंमत नसावी, हे मला अजूनही पटत नाही. पण ही किंमत पक्षानेच आधी ठरवायला हवी होती. शाखाप्रमुख शाखेतल्या लोकांनी निवडला असता, तर बाबांची आणि काकाची, दोघांचीही मतं कुठेतरी लिहिलेली राहिली असती. चाळीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे मत मागितलं नाही. मागितली ती एक सही, तीही घर फुटल्यावर.

बाबांना मी झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतःची सही नीट पाहिली. म्हणाले, "असू दे." मी ती परत फायलीत ठेवली, रेशनकार्डाच्या मागे.