आबोली क्रीम: पेस्ट जमली, पुढचा नंबर चिंतामणीचा

घरी बनवत असलेल्या क्रीम नेलपॉलिशची (म्हणजे चमकी नसलेल्या, नख पूर्ण झाकणाऱ्या पॉलिशची) आबोली छटा आता पक्की झाली आहे. पॉलिशचे दोन हात दिले की नख पूर्ण झाकलं जातं, रेघा राहत नाहीत आणि बाटली आठवडाभर उभी ठेवली तरी वर पारदर्शक थर सुटत नाही. ठाण्याच्या पावसाळी हवेत काम करताना काय जमलं, काय अडलं, त्याची ही नोंद.

घरी क्रीम बनवताना अडचण रंग निवडण्यात नसते, पिगमेंट दळण्यात असते. कोरडी पावडर थेट बाटलीत टाकून हलवली तर शिमरच्या अभ्रकाचं निभावतं, कारण त्याच्या चपट्या कपच्या सहज सुट्या होतात. टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) आणि लेक पिगमेंटांचं (धातूच्या क्षाराशी बांधून न विरघळणारे केलेले रंग) तसं नाही. त्यांचे बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात; नुसतं हलवून त्या गाठी सुटत नाहीत. कारखान्यात यासाठी तीन रुळांची गिरणी असते. घरी तेवढी बारकाई मिळणार नाही, पण आधी पेस्ट करून घेतली तर नखावर खडे दिसत नाहीत, हे नक्की.

पेस्टचं प्रमाण असं. लाल आणि पिवळ्यासाठी प्रत्येकी १ ग्रॅम पिगमेंट, २ ग्रॅम ब्यूटाइल ॲसिटेट (हळू उडणारं द्रावक) आणि ७ ग्रॅम सस्पेन्शन बेस (रंग तळाशी बसू न देणारं बिनरंगी पॉलिश), म्हणजे १० टक्क्यांची पेस्ट. पांढऱ्यासाठी ३ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड (सीआय ७७८९१; सीआय म्हणजे रंगाचा कलर इंडेक्स क्रमांक), २ ग्रॅम ब्यूटाइल ॲसिटेट, ५ ग्रॅम बेस, म्हणजे ३० टक्के. पेस्टचा दुसरा फायदा वजनात आहे. खिशातला काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. ०.०६ ग्रॅम लाल पावडर त्यावर मोजली तर एका आकड्याची चूक म्हणजे सहाव्या हिश्श्याची चूक, आणि छटा हातची गेली. तेच ०.६० ग्रॅम पेस्ट मोजताना तेवढीच चूक नगण्य ठरते.

काचेच्या जाड तुकड्यावर पिगमेंटचा ढीग करून मधे खळगा करायचा, त्यात ब्यूटाइल ॲसिटेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि पॅलेट नाइफच्या पात्याने दाबून घासत राहायचं. इथे इथाइल ॲसिटेट नको. ते इतक्या लवकर उडतं की पेस्ट काचेवरच सुकून पुन्हा खडे होतात. दहा-पंधरा मिनिटांत आवाज बदलतो: सुरुवातीची करकर थांबते, पातं गुळगुळीत सरकायला लागतं आणि मागे राहणारा पट्टा ओल्या रेशमासारखा सलग दिसतो. मग काचेच्या छोट्या बरणीत पेस्ट घेऊन त्यात बेस घालायचा, तोही थोडा थोडा, दर वेळी ढवळून. सगळा बेस एकदम ओतला तर सुटे झालेले कण पुन्हा गोळा होतात आणि केलेली मेहनत वाया जाते. शेवटी २-३ मिलिमीटरचे काचेचे मणी टाकून बरणी दिवसभरात अधूनमधून हलवत राहायची.

आबोलीचं १५ मिलिलिटरच्या बाटलीसाठीचं माप, एकूण १३ ग्रॅम: पांढरी पेस्ट १.०० ग्रॅम, रेड ६ लेकची पेस्ट ०.६० ग्रॅम, यलो ५ लेकची पेस्ट ०.९० ग्रॅम, बेस १०.५० ग्रॅम. बाटली हलवताना रंग ढवळला जावा म्हणून त्यात ४ मिलिमीटरचे दोन ३१६ स्टेनलेस स्टीलचे गोळे. साधे स्टीलचे छर्रे गंजतात आणि अशा फिक्या छटेत तांबूस झाक लगेच उठून दिसते. यात एकूण पिगमेंट सुमारे साडेतीन टक्के होतं. याहून जास्त घातलं तर नख झाकलं जातं, पण पॉलिश घट्ट होऊन ब्रशच्या रेघा राहतात आणि चकाकी मरते.

लाल कोणता, यावर या छटेचं सगळं अवलंबून आहे. रेड ७ (सीआय १५८५०:१) निळसर झाकेचा असल्याने कितीही पिवळा घातला तरी रंग राणीकडे ओढला जातो. रेड ६ चा बेरियम लेक (सीआय १५८५०:२) पिवळसर लाल आहे, आबोलीला तोच हवा. पिवळ्यासाठी आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९२) स्वस्त आणि टिकाऊ असलं तरी त्याने आबोलीची वीट होते, म्हणून यलो ५ लेक. रंग जुळवायला फोटो कामाचा नाही. जांभळी नाक्याच्या फुलबाजारातून ताजी आबोली आणायची, पाकळी पांढऱ्या कागदावर आणि शेजारी नमुन्याची काडी (पॉलिश लावून सुकवलेली) ठेवायची, आणि खिडकीतल्या उजेडात बघायचं. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा बाहेर फसवते. पॉलिश ओलं असताना फिकं दिसतं, त्यामुळे रात्रभर सुकल्याशिवाय निकाल लावू नये.

दोन चाचण्या प्रत्येक बॅचला कराव्यात. पहिली घासण्याची: काचेवर ओला पातळ थर ओढून त्याच्या एका कोपऱ्यावर बोट हलकेच फिरवायचं. घासलेला भाग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसला तर कण नीट सुटलेले नाहीत. ही बाटली नखावर पांढऱ्या-गुलाबी रेघा देणार. दुसरी रंग सुटण्याची: नवीन पावडरची चिमूट काचेच्या कुपीत थिनरमध्ये टाकून एक दिवस ठेवायची. पावडर तळाशी बसून वरचा द्रव स्वच्छ राहिला तर ठीक. तो रंगीत झाला तर ती पावडर नखं पिवळी-लाल करणार, ती बाद. हस्तकलेच्या दुकानातल्या पुष्कळ चमकत्या पावडरी इथेच गळतात. रांगोळी आणि गुलाल यांचा तर विचारही नको.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये नख सुकताना वर दुधट पापुद्रा येतो तो पिगमेंटचा दोष नव्हे. द्रावक झपाट्याने उडताना थर गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि नायट्रोसेल्युलोजचा (सुकल्यावर पॉलिशची पापडी बनवणारा घटक) थर पांढुरका होतो. पंख्याखाली बसलं की हे वाढतं, शिवाय बुडबुडे येतात ते वेगळेच. उपाय हाच की काड्या एसीच्या कोरड्या खोलीत, थेट झोत न लागेल अशा सुकवायच्या आणि हात पातळ द्यायचा. पेस्टमधलं ब्यूटाइल ॲसिटेट हळू उडतं, त्याचीही मदत होते. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडू नये, आतही पाणी धरतं.

सुरक्षेचं सविस्तर लिहायलाच हवं, कारण वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघर चार पावलांवर असतं. बेसमधल्या इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो) उणे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्या हवेत त्याची वाफ ठिणगीने कधीही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. गॅस, देवघरातली निरांजन, उदबत्ती, गॅस गीझर सगळं बंद. काम उघड्या गॅलरीत. पेस्ट मिक्सरमध्ये फिरवू नये. पुसलेले कागद सुकले की त्यावरचा नायट्रोसेल्युलोज भसकन पेटतो. ते पाण्यात भिजवून, झाकणाच्या डब्यात घालूनच टाकावेत. एन९५ मास्क पावडर अडवतो, वाफ नाही. नायट्राइलचे हातमोजे ॲसिटेटने फुगतात, शिंतोडा उडाला की बदलावेत. काचेसारखे दिसणारे स्वस्त प्लास्टिकचे कप विरघळतात. काच, स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीनच वापरावं. आणि मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरून द्रावक घेतलं तर ते लोकलने आणू नये, ज्वलनशील माल डब्यात नेण्यास मनाई आहे.

पुढे चिंतामणी, म्हणजे हिरवट निळी छटा. निळ्यासाठी अल्ट्रामरीन (सीआय ७७००७) मोहात पाडतं, पण आम्लापुढे ते टिकत नाही: रंग उतरतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. बेसच्या घटकांत सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असेल तर अल्ट्रामरीन बाजूलाच ठेवलेलं बरं. म्हणून निळ्यासाठी फेरिक फेरोसायनाइड (सीआय ७७५१०), जोडीला यलो ५ लेक आणि थोडा पांढरा, असं ठरलं आहे. हा निळा फार जोरकस असल्याने त्याची पेस्ट १० ऐवजी ५ टक्क्यांची केली आहे: ०.५ ग्रॅम पिगमेंट, १.५ ग्रॅम ब्यूटाइल ॲसिटेट, ८ ग्रॅम बेस. दळायला तो लालपेक्षा चिवट आहे. काचेवरची करकर अजून थांबलेली नाही.