कोल्हापूरचे ग्राउंड, पुण्याचे मिलिटरी हॉस्पिटल: ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन भरतीला निघताना

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या मुलांची अग्निवीर भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयातर्फे होते. बहुतेकांसाठी हा प्रवास ग्राउंडपुरता असतो. ज्याचा गुडघा पूर्वी दुखावला आहे किंवा ज्याचे ऑपरेशन झाले आहे, त्याचा प्रवास मात्र पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत लांबू शकतो. त्याची तयारी गाडीत बसण्याच्या खूप आधी करावी लागते.

सगळ्यात आधी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. यूपीएससीच्या एनडीए (बारावीनंतर अधिकारी होण्याची परीक्षा) जाहिरातीत हवाई दलाच्या भागात अगदी सरळ लिहिलेले आहे: एसीएल (नडगीला पुढे सरकू न देणारे गुडघ्यातले लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारा पट्टा) रिकन्स्ट्रक्शन झालेला उमेदवार अपात्र, आणि गुडघ्याचे लिगामेंट ढिले असेल तरी अपात्र. म्हणजे ग्राफ्ट (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा पट्टा) टाकलेला गुडघा घेऊन तिथे वर्ष घालवण्यात अर्थ नाही. लष्कर आणि नौदलाचे निकष त्याच जाहिरातीत वेगळे छापलेले असतात, त्यामुळे आपल्या दलाचा भाग शोधून वाचा. नुसता मुरगळलेला, प्लॅस्टर किंवा विश्रांतीने बरा झालेला गुडघा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे डॉक्टर बघतात तो आजचा गुडघा: स्थिर आहे का, पूर्ण वाकतो आणि सरळ होतो का, सूज आहे का. ग्राफ्टच्या गुडघ्याला दार सगळीकडेच अरुंद आहे, आणि अकॅडमीच्या फीचा पहिला हप्ता भरण्याआधी हे घरात बोलले गेले पाहिजे. आईवडिलांसमोर, आकड्यांसकट.

वयाचा हिशेबही तेव्हाच करा. अग्निवीरसाठी आजवर बहुतेक भरतींत वय साडेसतरा ते २१ ठेवलेले होते (२०२२ साली वरची मर्यादा २३ केली होती), म्हणून आपल्या जाहिरातीतली मर्यादा बघा. एसीएलच्या ऑपरेशननंतर साधारण तीन-चार महिन्यांनी हलके धावणे सुरू होते, पण वळणे, उड्या, धक्काबुक्की यांसाठी किमान नऊ महिने थांबावे लागते. नवा ग्राफ्ट सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट कमजोर होतो, कारण त्यात रक्तपुरवठा नव्याने तयार होत असतो. दुखत नाही म्हणून चौथ्या महिन्यात खड्ड्यावरून उडी मारणारी मुलं गुडघा पुन्हा फाडून घेतात. मग वयही जाते आणि गुडघाही.

निघण्याआधी घरी चार गोष्टी तपासा. पाठीवर झोपून टाच उशीवर ठेवा: दोन्ही गुडघे सारखेच सपाट होतात का? गुडघ्याच्या वाटीच्या १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्या टेपने मोजा. ऑपरेशनच्या बाजूची मांडी बारीक असेल तर मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या नजरेत ती आधी येते. एका पायावर उडी मारून अंतर मोजा. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ग्राउंड अजून लांब आहे. आणि १६०० मीटर पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघा. वाटीच्या कडेचे खळगे भरून आले असतील तर आत पाणी धरले आहे. असा गुडघा घेऊन निघू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

फाइल दोन भागांत लावा. एकात भरतीची कागदपत्रे: प्रवेशपत्र, आधार, गुणपत्रिका, रहिवासी आणि जातीचे दाखले, सरपंचांचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला, जाहिरातीतल्या नमुन्याचे प्रतिज्ञापत्र, २० फोटो. दुसऱ्यात गुडघा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, आधीच्या एमआरआयचा रिपोर्ट, ताजा एक्स-रे, फिजिओथेरपीच्या नोंदी. ऑपरेशन नोट डिस्चार्ज कार्डापेक्षा वेगळी असते. आत नेमके काय केले, कोणता स्क्रू बसवला, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) कापला की शिवला, हे त्यातच असते. ती हॉस्पिटलकडून मागून घ्यावी लागते, आपणहून क्वचितच हातात पडते.

ग्राउंडवर बोलावण्याची वेळ बहुधा रात्रीची किंवा पहाटेची असते. आदल्या दुपारीच कोल्हापुरात पोहोचा. एसटीत चार-पाच तास पाय मुडपून बसलेला गुडघा लगेच पळवायचा नसतो. दर तासाला उठून पाय सरळ करा. रात्री थंडीत रांगेत उभे राहावे लागते, त्यामुळे ट्रॅकपँट पळण्याच्या अगदी आधी उतरवा. नी-कॅप किंवा टेपच्या भरवशावर राहू नका. आधार काढल्यावर पळता येत नसेल तर उत्तर मिळालेच.

१.६ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड. साडेपाच मिनिटांत आलात तर पहिला गट, ६० गुण. म्हणजे दर राउंडला ८२ सेकंद. मोठी तुकडी एकदम सुटते आणि पहिल्याच वळणावर ढकलाढकल होते. गुडघा फिरतो तो इथेच: पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेले. पहिले १०० मीटर बाहेरच्या बाजूने पळा. वळणावर तीन-चार मीटर जास्त पडले तरी चालतील, आत अडकून पडणे परवडणार नाही. मग बीम, म्हणजे दांड्याला लटकून पुल-अप्स, दहा काढले की ४० गुण. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅगला (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणे) गुण नसतात, फक्त पास व्हायचे असते. खड्डा म्हणजे पावणेतीन मीटरची उडी. ताठ पायावर उतरलात तर सगळा हिसका गुडघ्यात जातो. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर उतरा. घरी हे वाळूत शिका.

मेडिकलमध्ये कपडे उतरवून आधी चालायला, उकिडवे बसायला, त्याच अवस्थेत पुढे चालायला लावतात. मग टेबलावर. गुडघा काटकोनात वाकवून डॉक्टर पंजा अडवतात, दोन्ही हातांनी नडगी धरून पुढे ओढतात. चांगल्या पायाची नडगी खट्कन थांबते. एसीएल गेलेली नडगी काही मिलिमीटर जास्त सरकते आणि शेवट मऊ लागतो. हे दोन सेकंदांत हाताला कळते. व्रण तर त्याआधीच दिसलेले असतात: वाटीखाली दोन्ही बाजूंना दुर्बिणीची बारीक भोके, आणि हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) ग्राफ्ट काढला असेल तर नडगीच्या वरच्या टोकाला आतून दोन-तीन सेंटिमीटरची रेघ. धातूचे बटण किंवा स्क्रू एक्स-रेत चमकतात. म्हणून ‘सायकलवरून पडलो’ असे सांगू नका. फॉर्मवर ऑपरेशनचा प्रश्न आला की खरे लिहा. खोटी माहिती देऊन आत गेलेला मुलगा ट्रेनिंगमधूनही घरी पाठवला जाऊ शकतो, तेही गुडघा दुसऱ्यांदा गमावून.

अनफिट ठरवून तज्ज्ञांकडे पाठवले तर चिठ्ठीवरची तारीख लगेच बघा. जाहिरातींत साधारण पाच दिवसांत लष्करी हॉस्पिटलला हजर होण्याची आणि त्यानंतर १४ दिवसांत तपासणी पुरी करण्याची अट असते. तिथला निकाल शेवटचा. पुण्याला पाठवले असेल तर हॉस्पिटलचे नाव दोनदा वाचा: कमांड हॉस्पिटल वानवडीला, मिलिटरी हॉस्पिटल खडकीला, आणि ही शहराची दोन टोके आहेत. कोल्हापूरची एसटी स्वारगेटला सोडते, तिथून वानवडी जवळ. खडकीला पुणे स्टेशनवरून लोणावळा लोकलने जाता येते. ओपीडी सकाळची असते, म्हणून आदल्या रात्रीच पोहोचा. आत मोबाइल नेऊ देतीलच असे धरू नका. कागद मोबाइलमध्ये ठेवले आणि मोबाइल फाटकावर राहिला की तपासणीच्या टेबलावर हात रिकामा. सगळ्याच्या झेरॉक्स काढा, एमआरआयची फिल्म किंवा सीडीही न्या.

अधिकारी पदासाठी एसएसबीतून (सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीतून) निवड झालेल्यांचा रस्ता वेगळा आहे. तिथे मेडिकल बोर्डाने अनफिट केले तर अपील मेडिकल बोर्ड ४२ दिवसांत पुरे करायचे असते. त्यानंतरचे रिव्ह्यू बोर्ड मागता येते, पण मिळेलच असा हक्क नाही. अपिलाला जाताना नवा एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरांचा लेखी अभिप्राय सोबत असू द्या. मात्र निकषातच ‘अपात्र’ असे छापलेले असेल, तर चांगला रिपोर्टही ते खोडू शकत नाही.

फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर, ‘आत ओळख आहे, रिव्ह्यू काढून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना मूळ कागद हातात देऊ नका, पैसे तर नाहीच. अनफिटचा शेरा नेमक्या कोणत्या कारणासाठी आहे ते लिहून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये लावा. पुढे पोलीस भरतीकडे वळायचे असेल तरी तो लागतो. महाराष्ट्र पोलीस भरतीचे ग्राउंड ५० गुणांचे असते: मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. तिथले मेडिकल वेगळे असते. तो अर्ज भरण्याआधी हाच कागद हाडांच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि गुडघ्यावर गोळाफेकीचा पिळा कितपत झेपेल हे विचारा.