पिस्टन खाणारं सायकल-इंजिन: चौकशी पुढे सरकली

इंजिन पुन्हा जाम झालं. सासवडजवळ मित्राच्या शेतातल्या रस्त्यावर, उतारावरून येताना, थ्रॉटल पूर्ण बंद असताना. यातलं शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सायकलच्या सांगाड्यात बसणारं टू-स्ट्रोक किट आहे, '८० सीसी' म्हणून विकलं जाणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी. हिशेब केला की जेमतेम ६६ सीसी भरतात, बाकीचे १४ जाहिरातीतले. मोटार वाहन कायद्यातली सूट चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला २५ सीसीपर्यंतच आहे, त्यामुळे हे शहरात काढायचा प्रश्नच नाही. सगळ्या चाचण्या शेतात. तिथे चढ आहे, उतार आहे आणि हसायला फक्त म्हशी आहेत.

आता टेबलावर पिस्टनांची रांग लागली आहे. 'टू-स्ट्रोक आहे, पिस्टन जायचाच' असं म्हणून नवा टाकणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. बाद झालेला पिस्टन नीट पाहिला तर बहुतेक गोष्टी तोच सांगतो, आणि माझ्या रांगेतल्या सगळ्यांची तक्रार एकच निघाली नाही.

सगळ्यात जुन्याच्या स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) चार ठिकाणी उभे ओरखडे होते, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) भोकांच्या दोन्ही अंगांना, घड्याळातल्या दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहाच्या जागी. हे क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, कमी असल्याचं लक्षण. त्याची पार्श्वभूमी अशी: मूळ सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत क्रोमचा मुलामा. तो एक्झॉस्ट पोर्टपाशी (धूर बाहेर जायच्या भोकापाशी) सोलला गेला, म्हणून भोसरीत एका लेथवर बिडाची स्लीव्ह मारून घेतली. कारागिराने 'एकदम टाइट बसवलाय' असं कौतुकाने सांगितलं, आणि तिथेच घोळ होता. बीड तापल्यावर ॲल्युमिनियमच्या साधारण निम्मंच प्रसरण पावतं. पिस्टन फुगतो, स्लीव्ह तेवढी फुगत नाही. एअर-कूल्ड इंजिनाला बोअरच्या इंचामागे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट हा जुना हिशेब. ४७ मिमी म्हणजे १.८५ इंच, म्हणजे जवळपास दोन थाऊ, ०.०५ मिमीच्या आसपास. फिलर गेजने मोजलं तर निम्मंसुद्धा नव्हतं. होनिंग करून (आतून घासून व्यास किंचित वाढवून) घेतलं, ती तक्रार मिटली. ज्यांचा सिलिंडर अजून मूळ क्रोमचा आहे त्यांनी होन आत घालूही नये. मुलामा गेला की सिलिंडर गेला.

स्लीव्हवर चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला पॉलिश पेपर घासत बसू नका. बाथरूम साफ करायचं ॲसिड कानात घालायच्या कापूसकाडीने फक्त त्या पट्ट्यावर लावा. ॲल्युमिनियम फसफसून निघून जातं, बिडाला फारसं काही होत नाही. लगेच पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा. हे उघड्यावर करायचं काम आहे, आणि ॲसिड सिलिंडरच्या बाहेरच्या ॲल्युमिनियमला लागू देऊ नका.

त्यानंतरच्या पिस्टनची वरची रिंग तुटलेली आणि खाचेचा काठ उडालेला. हेही स्लीव्हचंच देणं. रिंग एक्झॉस्ट पोर्टसमोरून जाताना थोडी पोर्टमध्ये फुगते. पोर्टच्या कडा धारदार असतील तर एखाद्या फेरीत ती अडकते. स्लीव्हमध्ये पोर्ट कापल्यावर कडा मोडायच्या असतात, त्या कुणी मोडल्या नव्हत्या. बारीक कानस आणि ऑइलस्टोन घेऊन प्रत्येक पोर्टच्या वरच्या-खालच्या कडेला उतार दिला. रिंग पुन्हा तुटली नाही.

आणि मग सुरू झाली खरी डोकेदुखी. यापुढचे सगळे पिस्टन एकाच बाजूने गेले, एक्झॉस्टच्या. बाकी स्कर्ट स्वच्छ, फक्त पोर्टसमोर रुंद पट्टा खरवडलेला, रिंग खाचेत चिकटलेली, प्लग पांढराफटक. म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय. एक्झॉस्टची बाजू मुळातच सगळ्यात गरम, त्यामुळे जास्तीच्या उष्णतेने पहिली तीच जाते. डेटोनेशनचा (मिश्रण स्फोटासारखं एकदम जळण्याचा) संशय लगेच बाद केला, कारण पिस्टनच्या माथ्याच्या कडेला बारीक खड्डे पडलेले नव्हते. गजन पिनचं लॉक सुटलं असतं तर पिनच्या रेषेत खोल उभी चर पडली असती. तीही नाही.

'तेल वाढव' हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण पेट्रोलमध्ये तेल कालवलं की जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो. ३२ ला १ वरून १६ ला १ केलं तर तीन टक्क्यांच्या आसपास पेट्रोल कमी जातं, म्हणजे आधीच लीन असलेलं इंजिन आणखी लीन. धूर वाढला की आपल्याला बरं वाटतं, पिस्टनला वाटेलच असं नाही.

पेट्रोलचा स्वतःचाही हिस्सा आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२०. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के इथेनॉल असेल तर हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या पेट्रोलसाठी काढलेला जेट तसाच ठेवला की मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. पुण्याची ५६० मीटर उंची उलट बाजूने मदत करते, हवा विरळ म्हणून मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त), पण ती भरपाई अपुरी. म्हणून तपकीर गल्लीतून सर्किट बोर्डला भोकं पाडायचे बारीक ड्रिल आणले आणि ०.७० मिमीचा जेट ०.७५ केला. ऐकायला किरकोळ, पण क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी वाढतं. ०.८० चा ड्रिल सहज मिळत होता, पण त्याने ३० टक्के वाढलं असतं. तो मोह टाळा. प्लग तपकिरी व्हायला लागला, चढावर इंजिन छान ओढू लागलं, आणि तरीही उतारावर जाम झालं.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे एक काका बसतात, आयुष्य लूना आणि दोन-स्ट्रोक स्कूटर उघडण्यात गेलेलं. पिस्टन हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली येतं का रे, की ओरडत राहतं?" ओरडत राहत होतं. "मग जेटच्या मागे कशाला लागलास, बाळा? हवा दुसरीकडनं घेतंय ते. सील बघ."

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालचा, शाफ्टचा बंद कप्पा) म्हणजे पंप. पिस्टन वर जाताना तिथे निर्वात होतो आणि कार्बोरेटरमधून मिश्रण ओढलं जातं. सील (शाफ्टभोवतीचं रबरी कडं) किंवा पॅकिंग गळत असेल तर पेट्रोल नसलेली नुसती हवा आत शिरते. उतारावर थ्रॉटल बंद, चाक इंजिनाला फिरवतंय, आरपीएम जास्त. कार्बोरेटरचा रस्ता बंद म्हणून निर्वात सगळ्यात जोरात, आणि गळतीतून येणारी हवाही तेव्हाच सगळ्यात जास्त. शिवाय तेल पेट्रोलबरोबरच येणार, तेही त्याच क्षणी जवळजवळ थांबलेलं. चढावर तापलेला पिस्टन उतारावर का पकडतो, ते इथे जुळलं.

तपासणीसाठी बीपी बघायचं काट्याचं जुनं यंत्र जुन्या बाजारातून आणलं. कफ काढून टाका, रबरी फुगा आणि डायल ठेवा. डायल पाऱ्याच्या ३०० मिमीपर्यंत जातो, म्हणजे ०.४ बार, पावणेसहा पीएसआयच्या आसपास. क्रँककेसच्या चाचणीला लागतो तेवढाच दाब. इनटेक रबराच्या गुडदीने बंद, एक्झॉस्टवर ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी, जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्यातून नळी. पिस्टन सगळ्यात खाली ठेवायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (खालून वर मिश्रण नेणारी भोकं) उघडून क्रँककेस आणि सिलिंडर एक होतात. काटा पाच मिनिटं जवळपास जागेवर राहिला पाहिजे. माझा डोळ्यांदेखत घसरला. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे इनटेकच्या फ्लँजला (जोडाच्या सपाट कडेला) आले. फ्लँज वाकडा होता. काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट होईपर्यंत घासला, नवं पॅकिंग कापलं. काटा थांबला.

बहुतेक जण इथे इंजिन बांधून मोकळे होतात. काकांनी मात्र थांबवलं. "फुंकून कळतं तेवढंच बघितलंस. आता ओढून बघ." सीलची ओठासारखी कडा आतल्या बाजूला तोंड करून असते. आतून दाब दिला की ती शाफ्टवर आणखी आवळते, निर्वात केला की सैल पडते. म्हणजे कडक झालेलं सील दाबाच्या चाचणीत पास होऊन निर्वाताच्या चाचणीत नापास होऊ शकतं. बीपीचा डायल निर्वात दाखवत नाही. म्हणून फ्रिज दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांकडून त्यांचा कंपाउंड गेज (दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणारा) आणि पंप मागून आणला. पाऱ्याच्या आठ इंचांपर्यंत ओढलं आणि काटा सरळ शून्याकडे चालू लागला.

निर्वातात बुडबुडे दिसत नाहीत. शाफ्टच्या टोकावरचा मॅग्नेट पुलरने काढला तर मागे, सीलपाशी, तेलकट धुळीचा थर होता, आणि तोच बोलका पुरावा. सीलच्या काठावर टू-टी ऑइलचे (टू-स्ट्रोकच्या तेलाचे) थेंब सोडले. काटा क्षणभर अडला, तेल आत ओढलं गेलं, काटा पुन्हा घसरला. सील काढून बोटाने दाबलं तर रबर लाकडासारखं कडक.

दोन्ही बाजूंची सील बदलली. मापं जुन्या सीलवरच कोरलेली असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी; बेअरिंगच्या दुकानात तेवढं सांगितलं की पुरतं. इथेनॉल लक्षात घेऊन साध्या नायट्राइल रबराऐवजी वायटन रबराची घेतली. थोडी महाग, पण यात कंजूषी नको. शाफ्टवर सीलच्या जागी बारीक खाच पडली असेल तर नवं सीलही गळतं. माझा शाफ्ट गुळगुळीत निघाला.

सध्याची स्थिती: निर्वात टिकतोय, थ्रॉटल सोडला की इंजिन झटकन खाली येतं. गळती बंद झाल्यामुळे ०.७५ चा जेट आता थोडा जास्त वाटतोय, पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळतं. तो सोल्डरने भरून ०.७२ चा ड्रिल मारायचा विचार आहे, पण आधी नव्या पिस्टनवर सावकाश रनिंग. उतारावर मी आता क्लच दाबून येतो आणि मध्ये मध्ये थ्रॉटलला हलका झटका देतो, तेल जात राहावं म्हणून. पुढच्या वेळी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून स्कर्टचा फोटो घेईन. ०.७२ किंवा ०.७३ चा ड्रिल कुणाकडे असेल तर कळवा, तपकीर गल्लीत तो मिळाला नाही.