जरबेऱ्याचं पॉलिहाऊस: सांगाडा ठरवतानाचा माझा अनुभव

दहा गुंठ्यांवर जरबेरा घ्यायचं ठरलं आणि पहिली तणातणी झाली ती दिशेवरून. आमचं रान मावळात, बांध तिरपा. सांगाडा उभारणारे म्हणाले, "दादा, बांधाला धरूनच घेऊ, जागा वाया जायला नको." मी नाही ऐकलं. गटर, म्हणजे छपराचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, दक्षिणोत्तर असलं की त्याची सावली एकाच गादीवाफ्यावर ठाण मांडत नाही, दिवसभर सरकत राहते. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाळाभर वारा पश्चिमेचा. म्हणून टॉप व्हेंटचं, म्हणजे गरम हवा बाहेर जाण्यासाठी माथ्याला ठेवलेल्या फटीचं, तोंड पूर्वेला ठेवलं. वारा छपरावरून जाताना आतली गरम हवा ओढून नेतो आणि पावसाची झडही आत येत नाही. यापायी थोडी जमीन पडीक राहिली तरी चालेल.

उंचीचंही तसंच. गटरपाशी चार मीटर, माथ्याला साडेसहा. पाइपाचा खर्च वाढतो, पण तळेगावकडे एका जुन्या बुटक्या पॉलिहाऊसमध्ये एप्रिलच्या दुपारी शिरलो होतो, तिथे सगळी झळ थेट फुलांवर बसत होती. उंच हाऊसमध्ये तापलेली हवा झाडांच्या बरीच वर राहते.

बाजूंना ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० छिद्रांची, जाळी. फुलकिड्यांसाठी आणखी बारीक लावायचा मोह होतो, पण जाळी बारीक झाली की वाराही अडतो.

छपराचा प्लास्टिकचा कागद चढला, आणि लागवडीआधी मी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी. भर दुपारी उदबत्त्यांचा जुडगा पेटवून आत फिरलो. जाळीपाशी धूर आत वळायचा, मधे जरा रेंगाळायचा आणि मग वर चढून व्हेंटमधून निघून जायचा. नैऋत्येच्या कोपऱ्यात मात्र जागीच घुटमळत राहिला. बाहेर पाहिलं तर खतांची पत्र्याची शेड जाळीला खेटून उभी. ती लांब हलवली, तेव्हा कुठे तिथला धूर हलला.

आता फॉगर, म्हणजे बारीक तुषार उडवणारे नोझल. उन्हाळ्यात हवा कोरडी, तुषारांची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि छान गारवा येतो. पावसाळ्यात हवा आधीच दमट. तेव्हा फॉगर चालवणं म्हणजे बुरशीला आवतण. थंडीत रात्री बाजूचे पडदे खाली सोडून बंद असतात, पहाटे कागदाला आतून थेंब लगडतात. ते फुलांवर टपकले की बोट्रायटिस ही बुरशी पाकळ्यांवर डाग पाडते, आणि डागी फुलाला गुलटेकडीच्या बाजारात भाव नाही. म्हणून ऊन जरा वर आलं की पडदे थोडे गुंडाळून ओल बाहेर काढतो. तापमापक आणि आर्द्रतामापक दारात न लावता मधल्या वाफ्यावर, फुलांच्या उंचीला, सावलीत टांगलेत. आतली शेडनेट फक्त कडक उन्हात ओढतो. ढगाळ दिवसांतही ती ओढलेली राहिली तर दांडे लुळे पडतात.